ओहोटी बघून निघणारे चाचा

अबू धाबी हे बेट आहे, ही गोष्ट जगात दोघांनाच ठाऊक होती: एक नकाशाला आणि दुसरं आमच्या वरच्या मजल्यावरच्या चाचांना. बाकी आम्ही सगळे पुलांवरून सुसाट ये-जा करणारे अडाणी. चाचा मूळचे रत्नागिरीकडचे, खाडीकाठचे. सारी उमर इथल्या बंदरात टगबोटीवर सारंग, म्हणजे कप्तान. एवढी जहाजं ओढली की मला वाटतं, हे बेटही त्यांनीच दोर बांधून किनाऱ्याजवळ आणलं असावं. पूल नव्हते तेव्हा लोक मक्ता खाडी ओहोटीला पायी ओलांडत, हे कुणा म्हाताऱ्या अरबाकडून कळलं आणि चाचांनी नेमच धरला: ओहोटीशिवाय बेट सोडायचं नाही.

"चाचा, देअर आर ब्रिजेस!" माझी मुलगी ओरडायची.

"पूल कालचा गो बाय. पाणी जुनं."

मेहुणीच्या साखरपुड्याला आम्ही त्यांच्याच गाडीतून शारजाला निघणार होतो. मुहूर्त अकराचा आणि चाचांच्या भिंतीवरच्या तक्त्यात ओहोटी एकची! नटूनथटून आम्ही सोफ्यावर. तेवढ्यात त्यांनी अबू धाबीची जन्मकथा काढली. हरणाच्या मागावर शिकारी आले, त्यांना इथे गोडं पाणी सापडलं, वस्ती झाली. सांगत असे होते, जणू शिकाऱ्यांच्या चपला धरायला हेच उभे होते. "हरीणसुद्धा ओहोटी बघून आलं, अवो पुणेकर! आणि तुमचं आपलं यल्ला, यल्ला, चला, चला!" आम्ही पोचलो तेव्हा पातेली घासायला गेली होती. बायको आठवडाभर माझ्याशी बोलली नाही; चाचांना मात्र दुसऱ्याच दिवशी सोलकढी पाठवली.

यंदा चाचांची नोकरी खलास, व्हिसा खलास. चाचा कायमचे गावी निघाले. विमान संध्याकाळचं, विमानतळ खाडीपलीकडे आणि ओहोटी सकाळी अकराला.

"चाचा, आज तरी नेम मोडा. आठ तास तिथे काय करणार?"

"बसणार."

पुलावर त्यांनी काच खाली केली. पाणी उतरलं होतं. खाडीतल्या जुन्या बुरुजापाशी वाळू उघडी पडली होती.

"भरतीला निघाला तो गेला," चाचा म्हणाले. "ओहोटीला निघालं की मागं वाट उघडी राहते. व्हिसा नाही दिला तरी चालत येईन, इन्शाल्ला."

मागच्या सीटवर मुलीनेही आपली काच खाली केली.

माझं ऑफिस खाडीपलीकडेच. पाणी उतरलेलं दिसलं की पुलावर गाडी आपोआप हळू होते. बुरुजाजवळून कुणी लुंगी खोचून चालत येतंय का, एवढंच बघून घेतो. मागचे हॉर्न वाजवतात. वाजवू देत.