मानेपासूनचे पट्टे

पुस्तकांच्या कपाटातून डांबरगोळ्यांचा वास आला की मला सापांची माहिती देणारं ते जाडजूड पुस्तक आठवतं. मी बी.एस्सी.ला होते आणि कॉलेजातून ते घेऊन सुट्टीत वाटूरला काकांकडे गेले होते. सकाळी काकूनं गोधड्यांची चवड उचलली, तर खालून पांढऱ्या पट्ट्यांचा काळा साप सळसळत निघाला. काकांनी कुदळीचा दांडा उचलला. "मारू नका, कवड्या हाय तो, इखारी न्हाई!" असं ओरडत मी त्यांच्या हाताला लोंबकळले. "सरक! लेकरू झोपलंय तिथं," म्हणत त्यांनी मला भिंतीवर ढकललं आणि दांडा घातला. शेपटी फरशीवर आपटत होती तोवर ते मारत राहिले. पाठीचा चेंदामेंदा झाला, रक्त गोधड्यांवर उडालं. "खुनी हाय तुमी!" मी किंचाळले. त्यांनी खाडकन माझ्या तोंडात मारली. ओठ फुटला. तसंच रागानं पुस्तक उघडून मी चित्र दाखवायला गेले आणि थबकले. कवड्याचे पट्टे मानेपासूनच सुरू होतात. याची मान कोरी काळी होती. ती मण्यार होती, जहाल विषारी. "काय लिव्हलंय?" धापा टाकत काकांनी विचारलं. त्यांना वाचता येत नव्हतं. "इखारी न्हाई," मी म्हणाले. काकांनी दांडा खाली टाकला. "मंग उगंच मारलं म्या. चुकलं माझं, पोरी." आज मी कॉलेजात मुलांना हाच फरक शिकवते. काकांना मात्र अजून सांगितलेला नाही, आणि त्या सकाळपासून ते कुठल्याच सापावर काठी उचलत नाहीत.