खोली क्रमांक सातचं गाऱ्हाणं

भागोजी रेवाळे रागावले की शिव्या देत नाहीत. एरवी देतात. वाडीत कुणी भेटलं की "काय रे मेल्या, जेवलास?" हे त्यांचं प्रेमाचं बोलणं. पण डोकं फिरलं की माणसाला 'आपण' म्हणायला लागतात. "आपण जरा बाजूला होता का?" असं भागोजी म्हणाले की बाजूला नाही, सरळ तालुक्याबाहेर व्हावं.

सह्यसागर विद्यापीठाच्या रत्नागिरीतल्या केंद्रात ते सव्वीस वर्षं प्रयोगशाळा परिचर आहेत. शिक्षण नववी. काम कागदावर 'काचसामान धुणे'. खरं काम म्हणजे तळमजल्यावरची खोली क्रमांक सात. तिथे सहा लोखंडी कपाटं, आणि त्यांत चार हजारांवर सुकवलेली रोपं. पावसाळ्यात सड्यावर, म्हणजे आमच्याकडच्या जांभ्या कातळाच्या उघड्या माळावर, उगवतात आणि महिन्याभरात नाहीशी होतात ती. भागोजी ती मुळासकट आणतात, जुन्या वर्तमानपत्रांत दाबतात, आणि आपल्या दमट हवेत बुरशी धरू नये म्हणून कागद रोज बदलतात. रविवारीसुद्धा. "रोपाला रविवार ठाव नाय," म्हणतात. सुकलं की जाड कागदावर चिकटवायचं आणि खाली तारीख, गाव, सड्याचं नाव. त्यांतले नऊ सडे आता नाहीतच, चिरेखाणी झाल्या. तिथे काय उगवायचं, ते बघायचं तर सात नंबरमध्येच यावं लागतं.

वनस्पतिशास्त्राचा एमएस्सीचा वर्ग याच खोलीत भरतो. शिकवतात दर्शना मॅडम, त्याही तासिका तत्त्वावर, कारण कायम प्राध्यापकाची जागा अकरा वर्षं रिकामी आहे. मॅडम रोपाचं लॅटिन नाव सांगतात. ते कुठल्या पंधरवड्यात कुठल्या सड्यावर मिळेल आणि म्हशीने खाल्लं तर काय होईल, ते भागोजी सांगतात.

तर या जूनमध्ये दाजीसाहेब आले. मूळचे आमच्याच तालुक्यातले, मुंबईत लग्नाचे बारा हॉल. त्यांनी विद्यापीठाला पाच कोटी दिले, आईच्या नावाने 'समारंभ व्यवस्थापन' ही नवी पदवी सुरू करायला. केंद्राच्या संचालकांनी सगळ्या स्टाफला बोलावून घोषणा केली: "या ठिकाणी सांगायला आनंद होतो, की दाजीसाहेबांनी या ठिकाणी पाच कोटींची देणगी या ठिकाणी दिलेली आहे." ठिकाण एकच होतं, चहाची खोली.

पाच कोटींबरोबर करार होता आणि करारात अख्खा तळमजला. सात नंबरचं होणार होतं 'वधूकक्ष'. मुलांना नवरीची खोली सजवायचा सराव हवा म्हणे. वनस्पतिशास्त्राचा वर्ग 'तूर्तास स्थगित'. कपाटं मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, जिथे स्कूटर लावतात तिथे. ऐन जुलैत.

"सर, शेडीत ओल येते," भागोजी म्हणाले.

"ताडपत्री टाकू ना वरून."

"ओल खालून येते."

"मग खालूनही टाकू. भागोजी, तुम्ही या ठिकाणी फार नकारात्मक विचार करता."

"आपण एक दिवस त्या शेडीत गादी टाकून झोपता का? संध्याकाळी गादी पिळून दाखवतो."

दर्शना मॅडमनी अर्ज लिहिला. उत्तर आलं की देणगीदाराच्या भावना दुखावता कामा नयेत. रोपांना भावना असल्याची नोंद विद्यापीठाकडे नव्हती.

उद्घाटनाच्या पाच दिवस आधी दाजीसाहेबांच्या ऑफिसातली योगिनी आली. डोळ्यांवर गॉगल, गॉगलवर दुसरा गॉगल, तो केसांत. "काका, दाजीसरांना ना, आपल्या मातीतलं काहीतरी हवंय. तुम्ही गावात ते करता ना, गाऱ्हाणं? तर दोन मिनिटांचं, छोटंसं, क्यूट. एकदम ऑथेंटिक. मी स्क्रिप्ट देते."

भागोजी आमच्या वाडीचे गावकर आहेत. होळीला, देवदिवाळीला हातात नारळ धरून देवापुढे गावाचं गाऱ्हाणं तेच घालतात, आणि ते थांबले की सगळा गाव "व्हय म्हाराजा" म्हणतो.

"देव नाय तिथे गाऱ्हाणं कोणापुढे घालू?"

"मूर्ती आहे ना आमच्याकडे. फायबरची. वजनाला पण हलकी."

घरी भागोजींच्या पत्नी सखूकाकी भडकल्या. "नाय म्हणून सांगा. गाऱ्हाणं म्हणजे काय ऑर्केस्ट्रा हाय? उद्या पालखी पण भाड्यानं मागतील."

भागोजी दोन दिवस सात नंबरमधले कागद बदलत राहिले. तिसऱ्या दिवशी योगिनीला म्हणाले, "घालतो. मूर्ती नको, नारळ आमच्या देवळातला आणीन. आणि आपली स्क्रिप्ट आपल्याकडेच असू दे. गाऱ्हाण्यात खरं असेल तेच बोलायचं असतं."

"हो हो काका, फुल ऑथेंटिक!"

योगिनीला माहीत नव्हतं आणि दाजीसाहेब मुंबईत राहून विसरले होते, की गाऱ्हाणं म्हणजे स्वागतगीत नव्हे. गाव त्यात देवाकडे मागणं मागतो आणि कोण चुकलं तेही सांगतो. दुसरी गोष्ट अशी, की गावकर नारळ वर करून थांबला की आमच्याकडच्या माणसाचं तोंड आपोआप उघडतं. मी दात आवळून बघितलंय. तरी नाकातून येतं.

उद्घाटनाला खुर्च्या भरायला आमची वाडी दोन टेम्पोंच्या चार-चार खेपा करून नेली होती. तीनशे माणूस. पहिल्या रांगेत संचालक आणि दाजीसाहेब. भागोजींनी चपला काढल्या, नारळ वर धरला.

"बा रवळनाथा, बारा गावच्या, बारा वहिवाटीच्या म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!"

"आज तुझी समदी लेकरं हितं जमली हायत..."

"व्हय म्हाराजा!" संचालकसुद्धा, अर्धा क्षण उशिरा.

"तुझा ल्येक दाजी मुंबयला गेला, मोठा झाला, आयशीचं नाव राखाय आला..."

"व्हय म्हाराजा!" दाजीसाहेबांनी डोळे मिटले, हात जोडले.

"त्या माउलीनं सड्यावरचा टाकळा नि भारंगी शिजवून ह्या पोराला वाढवलान..."

"व्हय म्हाराजा!" दाजीसाहेबांचा आवाज सगळ्यांत मोठा. गालावर पाणी.

"त्या सड्याची रोपं सात नंबरच्या खोलीत हायत..."

"व्हय म्हाराजा!"

"ती शेडीत टाकली तर पंधरा दिसांत कुजतील..."

"व्हय म्हाराजा!" इथे संचालकांनी तोंडावर हात ठेवला, पण शब्द गेला होता.

"तर त्या कपाटांना कोणी हात लावू नये, पोरांचा वर्ग मोडू नये..."

"व्हय म्हाराजा!"

"आणि लावलान कोणी हात, तर त्याचं काय करायचं ता तूच बघ!"

भागोजींनी नारळ आणखी वर नेला. मग तीनशे माणूस, आणि डोळे मिटलेले दाजीसाहेब, छाती फोडून: "व्हय म्हाराजा!"

नारळ फुटला. आवाजाने दाजीसाहेबांचे डोळे उघडले, आणि आपण कशाला हो म्हणालो ते त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू चढत गेलं. योगिनी माईकवर आली. "सो... टाळ्या होऊन जाऊ द्या!"

बाहेर पोर्चमध्ये दाजीसाहेबांनी गाठलंच. "भागोजी, काय केलंस रे हे? त्यात माझं नाव घातलंस?"

"आपणच बोलावलंत."

"बरं, झालं ते झालं. मागे घे ना आता."

"मागे घ्यायला ते काय आपल्या हॉलचं बुकिंग हाय?"

दोन दिवसांत दाजीसाहेबांचं पत्र आलं: वधूकक्ष पहिल्या मजल्यावर करावा, तळमजल्यावरच्या सात नंबरला कुणीही हात लावू नये. हे 'कुणीही' खाली दोन रेघा ओढून. वर्गाची प्रवेशयादी लागली, अकरा नावं. संचालकांनी पत्रकारांना सांगितलं, की निसर्गाचा वारसा या ठिकाणी जपण्याचा निर्णय आम्ही या ठिकाणी आधीच घेतला होता.

वाडी आठवडाभर हसत होती. मी संचालकांची नक्कल करून दाखवली की बायका पदर तोंडात धरायच्या. भागोजी एकदाही हसले नाहीत. एका दुपारी मी नक्कल करत असताना त्यांनी मध्येच थांबवलं.

"हसताय काय मेल्यांनो? खोली वाचली ती कशानं? नियमानं नाय. चार हजार रोपं हायत, पोरं शिकतायत, म्हणून पण नाय. एक माणूस देवाला घाबरला म्हणून वाचली. विद्यापीठ हाय का कौल लावायचं देऊळ? उद्या न घाबरणारा कोण पैसे घेऊन आला, म्हणजे? ह्यांनी चावी आधीच काढून ठेवलेली असेल त्याच्यासाठी."

आणि त्याच दिवशी त्यांच्या हातात नोटीस आली. कार्यक्रमाच्या गांभीर्याचा भंग करून देणगीदारास अडचणीत आणल्याबद्दल आपल्यावर कारवाई का करू नये, याची कारणे दाखवा. दर्शना मॅडम म्हणाल्या, मी मऊ शब्दांत लिहून देते. भागोजी म्हणाले, "नको. मऊ आपण लिहिलंत, त्याचं काय झालं ते बघितलं." स्वतःच लिहिलं, रोपांच्या कागदावर लिहितात त्याच बारीक अक्षरात. मॅडमना फक्त वाचून दाखवलं, तेही आमच्या वाडीत, सगळ्यांसमोर, म्हणून ते वाडीला पाठ आहे:

'गाऱ्हाण्यात मी खोटं काय बोललो ते कळवावे, म्हणजे त्या वाक्याचा खुलासा देईन. बाकी, मी चौदा महिन्यांनी निवृत्त होतो. माझ्या जागेवर माणूस भरावा म्हणून सहा वर्षांत सात अर्ज केले. एकाचंही उत्तर नाही. ही नोटीस मात्र आठवड्यात आली, म्हणजे टपाल चालू आहे. नवीन माणसाला सड्यावरचं रोप ओळखायला दोन पावसाळे लागतात. हा धरून माझ्याकडे दोनच आहेत, आणि यातला महिना गेला. कारवाई सावकाश करा. माणूस लगेच पाठवा.'