रिकाम्या खोलीतले बाबा

माझे बाबा जुहूच्या एका हॉटेलात हरवले, तेव्हा त्याच हॉटेलात मी 'खोलीत माणूस आहे की नाही' हे ओळखणारं यंत्र बसवत होतो.

साकीनाक्याच्या आमच्या वर्कशॉपात हे सेन्सर तयार होतात. छताला चिकटवायची एवढीशी पांढरी डबी, वायर-बियर काही नाही. दार बंद झाल्यावर दहा मिनिटं खोलीत काहीच हललं नाही, की डबी समजते, माणूस गेला. मग एसी बंद, दिवे बंद, आणि खाली काउंटरवरच्या स्क्रीनवर ती खोली हिरव्याची राखाडी होते. झकास काम!

ट्रायलला हॉटेलने एक खोली दिली. मॅनेजर म्हणाले, "फॅमिलीला घेऊन राहा ना दोन दिवस. खऱ्या माणसांवर टेस्ट होऊ दे." मी लगेच घाटकोपरहून आई-बाबांना उचलून आणलं. आईने ठेवणीतली साडी नेसली आणि पिशवीत भाकरी नि ठेचा घेतला. ("हॉटेलातलं नाही पचलं तर?")

बाबांची अँजिओप्लास्टी होऊन चारच महिने झाले होते. त्यांना रस्त्यावर एकटं सोडायचं नाही, हा घरातला कायदा. शनिवारी संध्याकाळी चौपाटीवर जायचं ठरलं. आम्ही दारात पोचलो तरी बाबा खाली गालिच्यावरच बसलेले. म्हणाले, "तुम्ही व्हा पुढे. मी येतो खाली."

आम्ही लॉबीत थांबलो. थोड्या वेळाने मी काउंटरच्या स्क्रीनवर डोकावलो. आमची ४०७ राखाडी!

"आई, बाबा निघाले बघ!"

लिफ्ट चार वेळा आली, चार वेळा गेली. बाबा काही उतरेनात. फोन लावला तर नुसता वाजतोय.

"अरे, वरच असतील," आई म्हणाली. "डोळे मिटून बसले असतील. जा, दार वाजव."

"आई, खोली रिकामी आहे. स्क्रीन सांगतेय."

"चाळीस वर्षं संसार मी केलाय का तुझ्या स्क्रीनने?"

"टेक्नॉलॉजी आहे ती! ती खोटं बोलत नाही!"

(हे वाक्य आमच्या घरात आता रोज कोणीतरी मला ऐकवतं. भाजीत मीठ कमी पडलं तरी!)

मी चौपाटीवर धावलो. मागून आई, तिच्यामागून हॉटेलचा वॉचमन. "टक्कल, चष्मा, पांढरा शर्ट," असं मी दिसेल त्याला सांगत सुटलो. आता संध्याकाळी जुहूला या वर्णनाबाहेरचा म्हातारा मिळणं कठीण! एका शेंगदाणेवाल्याने तर उत्साहाच्या भरात एका आजोबांना दंडाला धरूनच आणलं.

"यही है ना आपका बाप?"

"मी कोणाचाच बाप नाही रे!" आजोबा कडाडले. "मी अविवाहित आहे!"

मी हसलोही नाही. समोर समुद्र, अंधारत आलेलं, आणि बाबांच्या गोळ्यांची डबी माझ्या खिशात. ऑपरेशनच्या दिवशीसुद्धा मी एवढा घाबरलो नव्हतो. तसाच हॉटेलात परतलो. मॅनेजर म्हणाले, "पोलिसात जाऊ या. आधार कार्ड लागेल." कार्ड बाबांच्या पिशवीत, पिशवी खोलीत. निघालो वर. मी, आई, मॅनेजर, वॉचमन आणि शेंगदाणेवाला. (त्याला कोणी बोलावलं नव्हतं, पण आता तो घरचाच झाला होता.)

मॅनेजरनी दार उघडलं. दिवे लागले.

गालिच्यावर बाबा! मांडी घातलेली, पाठ ताठ, डोळे मिटलेले, कपाळावर घाम.

"बाबाऽऽ!" मी झेपावणार, तेवढ्यात आईने माझी कॉलर धरली.

"खबरदार! श्वास चाललाय नीट. अधिष्ठानाला बसलेत."

दहा दिवसांच्या ध्यान शिबिराला जाऊन आल्यापासून बाबा हा संकल्प करतात: तासभर हात नाही, पाय नाही, पापणीसुद्धा हलवायची नाही. म्हणजे अख्ख्या मुंबईत माझ्या डबीला चकवू शकणारा एकच माणूस होता, आणि त्याला मी स्वतः टॅक्सीने आणला होता!

शेजारी त्यांचा मोबाइल. आवाज बंद, माझे एकोणतीस मिस्ड कॉल, आणि टायमरवर अजून बारा मिनिटं. आईच्या नजरेपुढे कोण बोलणार? मॅनेजरनी हळूच दार लोटून घेतलं आणि आम्ही पाचही जण भिंतीला टेकून, श्वास रोखून उभे राहिलो.

दहा मिनिटं झाली आणि खटकन दिवे गेले. एसीही बंद. अंधारात मॅनेजरच्या हातातला फोन थरथरला. खालच्या काउंटरवरच्या मुलीचा मेसेज चमकला, "सर, ४०७ रिकामी झालीये. साफसफाईला पाठवू?"

खोलीत सहा माणसं होती!

शेवटी टायमर थरथरला. "भवतु सब्ब मंगलं," अंधारातून बाबांचा आवाज आला. त्यांनी हात जोडले आणि दिवे लागले.

"अरे, हे कोण सगळे?"

"बाबा, तुम्ही हरवला होतात!"

"मी? मी तर इथेच बसलोय!"

"खाली येतो म्हणालात ना?"

"मग? येणारच होतो की. आत्ता येतो असं कुठे म्हणालो?"

मी त्यांना मिठी मारली आणि हमसून हमसून रडलो. लाज वाटली नाही. त्यांच्या शर्टाला घामाचा वास येत होता आणि तो मला फार बरा वाटला.

"रडतोस काय वेड्या, आहे मी," ते पाठीवर थोपटत म्हणाले. "दिवे घालवलेस ते मात्र बरं केलंस हं. काय छान ध्यान लागलं!"

शेंगदाणेवाल्याने बाबांना वाकून नमस्कार केला आणि एक पुडी पुढ्यात ठेवली. आई पलंगावर बसून डोळे पुसत होती आणि पुसता पुसता माझ्याकडे बघत होती. त्या बघण्याबद्दल न लिहिलेलंच बरं.

सकाळी मॅनेजरनी ट्रायलचा फॉर्म दिला. 'यंत्रात दोष आढळला का?' मी प्रामाणिकपणे 'नाही' लिहिलं. काही हललंच नव्हतं, त्यात डबीची काय चूक? पुढचा रकाना होता, 'मग अडचण कशामुळे आली?' मी पेन चावत बसलो. आईने ते माझ्या हातातून काढून घेतलं आणि तिथे ठसठशीत अक्षरात माझं पूर्ण नाव लिहिलं.

खाली इंजिनिअरची सही लागते. ती मी केली.