अस्वल चढलं ती शिडी

घाटंजीला बसस्टँडच्या मागच्या रस्त्यावर माझं वेल्डिंगचं दुकान आहे. गेट, खिडक्यांच्या जाळ्या, ट्रॉल्या, पाण्याच्या टाकीच्या शिड्या, असं सगळं आम्ही बनवतो. जंगलाशी माझा कधी काही संबंध आला नव्हता. तो आला एका शेतकरी मित्रामुळे. आम्ही शाळेत एका बाकावर बसायचो, आणि आता त्याच्या शेतातलं काहीही मोडलं की ते माझ्याकडेच येतं.

कापूस वेचणीचे दिवस होते. सकाळी दुकानाचं शटर वर करत होतो, तेवढ्यात त्याचा फोन आला. वेचणीला आलेल्या बाया पाणी घ्यायला विहिरीवर गेल्या होत्या, त्यांना आतून कोणीतरी जोरजोरात श्वास घेतल्यासारखा आवाज आला. वाकून पाहिलं तर खाली अस्वल. त्याच्या विहिरीला कठडा नव्हता. आमच्याकडच्या पुष्कळ विहिरी अशाच आहेत, जमिनीच्या बरोबरीनं उघड्या. गवत वाढलं की माणसालाही दिसत नाहीत, तर रात्री फिरणाऱ्या जनावराला कशा दिसणार? वनखात्याची माणसं पोचली होती, पण गावातली बांबूची शिडी अर्ध्यावरच संपत होती.

"भाई, तुह्याजवळ लांब शिडी हाये का?" त्यानं विचारलं.

होती. एका गिऱ्हाइकाच्या पाण्याच्या टाकीसाठी बनवलेली लोखंडी शिडी रंग द्यायची राहिली म्हणून दुकानातच उभी होती. ती छोट्या टेम्पोत टाकली आणि निघालो.

शेतात जत्रा भरली होती. वनरक्षक बाई तिशीच्या आतबाहेरच्या, आवाज मात्र करडा. त्यांनी सगळ्यांना धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, पलीकडे पिटाळलं होतं. मला मात्र त्यांनी काठापर्यंत नेलं. मी पोटावर पडून खाली पाहिलं. दगडाच्या एका अरुंद कपारीवर ते बसलं होतं. मोटरचा पाइप त्यानं दोन्ही पंजांनी धरला होता. अंगावरचे लांब काळे केस भिजून चिकटले होते, त्यामुळे ते मोठं असूनही केविलवाणं दिसत होतं. त्यानं वर माझ्याकडे पाहिलं. भीतीही वाटली आणि वाईटही वाटलं.

बाईंनी शिडीच्या पायऱ्यांवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, पायऱ्यांचा पाइप गुळगुळीत आहे, ओल्या पंजानं अस्वल घसरेल. खरं होतं. मी शिडी माणसाच्या पायासाठी बनवली होती. टेम्पोत जुन्या ट्यूबा पडल्या होत्या, माल बांधायला आम्ही त्या वापरतो. त्यांच्या पट्ट्या कापून प्रत्येक पायरीला गुंडाळल्या आणि तारेनं आवळल्या. मग दोर लावून शिडी हळूहळू खाली सोडली. अस्वलानं आधी तिच्यावरच पंजे मारले. ते गुरगुरलं, शिडी खडखडली, आणि मला वाटलं आता हे काही चढत नाही.

"आपण इथं उभे आहो तोवर ते नाही चढणार," बाई म्हणाल्या. "सगळे लांब चला. मोबाइल पण खिशात ठेवा."

आम्ही धुऱ्याच्या आड, बाभळीखाली जाऊन बसलो. बराच वेळ काहीच घडलं नाही. वेचणाऱ्या बायांनी भाकरी सोडली, मलाही दिली. मित्र घास हातात धरून विहिरीकडे बघत होता. ऊन कलू लागलं तेव्हा काठावर आधी एक पंजा दिसला, मग मातकट थोबाड. अस्वल बाहेर आलं, त्यानं अंग झटकलं, पाणी चहूकडे उडालं. क्षणभर आमच्या दिशेनं नाक वर करून हुंगलं आणि तुरीच्या ओळींमधून डुलत डुलत जंगलाकडे निघून गेलं. कोणी टाळी वाजवली नाही. एका बाईनं फक्त हात जोडले.

शिडीच्या गिऱ्हाइकाला फोन करून सांगितलं की तुमची शिडी खराब झाली, दुसरी बनवून देतो. त्यानं सगळी हकिगत ऐकली आणि हट्टच धरला, हीच पाहिजे, पट्ट्यांसकट. अजून तो घरी आलेल्या पाहुण्यांना नखांचे ओरखडे दाखवतो.

मित्राचं समाधान मात्र झालं नव्हतं. शिडी वर ओढताना तो म्हणाला, "हे तं गेलं. उद्या दुसरं पडीन, त्याचं काय?"

कठडा तो बांधणारच होता, पण ते काम पिकं निघाल्यावरचं. आणि कठड्यावरूनही मांजर, घोरपड आत पडतेच. लोखंडी शिडी कायमची सोडावी तर गंजते, नाहीतर चोरीला जाते. माझ्या दुकानाशेजारी पंक्चरवाला आहे, त्याच्याकडे फुटक्या टायरांचा ढीग असतो. मी एकाला एक टायर साखळीनं जोडून लांब माळ केली. वरचं टोक काठावरच्या खुंट्याला बांधलं, खालचं दगड लावून तळापर्यंत सोडलं, म्हणजे उन्हाळ्यात पाणी उतरलं तरी माळ पुरावी. पहिल्या खेपेला टायरांत पाणी साचून डास झाले, म्हणून सगळी माळ वर ओढून टायरांना भोकं पाडली. बायकोनं सुचवलं की बारीक जनावराला दोन टायरांमधली फट मोठी पडेल. मग आम्ही दोघांनी अंगणात बसून फटींमधून काथ्याची दोरी विणली.

उन्हाळ्यात एका सकाळी मित्रानं मला बोलावलं आणि तोंडावर बोट ठेवून काठाजवळ नेलं. पाण्याच्या जरा वरच्या टायरात एक घोरपड बसली होती. आम्ही मागे सरकलो. थोड्या वेळानं ती दोरीत नखं रोवत, मध्येच थांबत, वर आली आणि गवतात शिरली.

"चढली न भाऊ!" मी म्हणालो. तो नुसता हसत राहिला.

त्यानंतर आजूबाजूच्या शेतकऱ्यांनी माळा मागितल्या. त्या वनरक्षक बाईंची बदली झरी जामणी तालुक्यात झाली, तिथूनही त्यांचा निरोप आला. शुक्रवारी माझं दुकान बंद असतं. नमाज झाली की टेम्पोत टायर भरून आम्ही दोघं नवराबायको निघतो. मागच्या शुक्रवारी तिकडच्या एका पाड्यावर माळ सोडून झाली, तेव्हा विहिरीच्या मालकिणीनं काळा चहा दिला आणि आमची बायको तिच्याकडून दोरी विणायची वेगळी गाठ शिकत बसली. मी टेम्पोला टेकून उभा होतो. सागाच्या झाडांत कुठेतरी मोर ओरडत होता, आणि घरी जायची मला मुळीच घाई नव्हती.