पाण्यात उतरलेले

आरमोरीच्या शाळेत मी मुलींना कांद्याची पातळ साल सूक्ष्मदर्शकाखाली कशी ठेवायची ते दाखवत होते. शिपाई दारात येऊन म्हणाला, "मॅडम, गावावरून फोन आहे." त्याचा आवाज इतका खाली गेला होता की मी काही विचारलंच नाही. माझी मोठी बहीण देवका गेली होती. आम्ही तिला बाई म्हणायचो. मी काच पुसली, डबीत ठेवली आणि मग फोनकडे गेले... त्या डबीला हात लावायला अजून नको वाटतं.

आमचं घर तलावावर जगणारं. बाबा जाळं टाकायचे, आई आणि बाई टोपल्या घेऊन बाजारात बसायच्या. त्या घरातली मी पहिली बी.एस्सी. हे मी सांगते आणि सांगत राहणार, कारण त्या पदवीत बाईच्या टोपलीचा भार आहे. मला वसतिगृहात सोडायला ती आली, तेव्हा एसटीत एक जण मासळीच्या वासाने नाक दाबून बसला होता. बाई साऱ्या गाडीला ऐकू जाईल अशी म्हणाली, "दाबा भाऊ, दाबा. उद्या हेच नाक घेऊन माह्या बहिणीपाशी यान, पोरीले पास करा म्हणून!"

छातीतली गाठ तिने लपवली तेवढी लपवली. नागपूरला ऑपरेशन झालं. गाठीचा तुकडा तपासणारे डॉक्टर वयस्कर होते. मी जीवशास्त्र शिकवते म्हटल्यावर त्यांनी मला सूक्ष्मदर्शकापुढे, स्वतःच्या खुर्चीत बसवलं. मोठ्या, वेड्यावाकड्या पेशींच्या गर्दीत बारीक, गोल, गडद निळ्या पेशी दाटून बसल्या होत्या. "या तिच्या स्वतःच्या, लढणाऱ्या," ते म्हणाले. "नुसत्या कडेला नाहीत, गाठीच्या आत शिरल्यात. असं दिसलं की पेशंट पुष्कळदा जास्त तग धरतात. पुष्कळदा... नेहमी नाही, हं."

बाईला हे कसं सांगायचं? आमच्या तलावाचा एक कायदा आहे. मासेमारीच्या दिवशी पारीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, मासळीचे सारखे ढीग लावतात. जो पाण्यात उतरला त्याला वाटा. पारीवर उभं राहून ओरडणाऱ्याला काही नाही. मी वॉर्डात तिला सगळं सांगितलं, 'पुष्कळदा'सुद्धा सांगितलं. ती ऐकत होती. मग म्हणाली, "छबू, म्हंजे ते पाण्यात उतरले, पारीवर उभे नाईत?"

"उतरले बाई. पार मधात गेले."

"मंग त्यायचा वाटा पक्का." आणि लगेच, "तुह्या कॉलेजात आपल्या तलावाचाच धडा होता, तं मले काऊन नाई घातलं शाळेत?" शेजारच्या खाटेवरची पेशंटही हसली.

त्या वर्षी औषधांनी तिचे केस गेले, अंगात त्राण उरलं नाही. तरी गावकऱ्यांनी तिच्या नावाचा ढीग लावला. ही अडून बसली. "मी उतरले नाई, तं वाटा कायचा?" शेवटी भाटव्यांनी, म्हणजे तिच्या नवऱ्याने, दंडाला धरून तिला पाण्याशी नेलं. घोटे बुडतील एवढ्या पाण्यात ती उभी राहिली, परत आली, आणि मगच टोपली पुढे केली. मी पारीवरून बघत होते. वाटलं, ही वाचते.

पुढे काखेत पुन्हा गाठ आली. डॉक्टर तेच. या वेळी खुर्ची मी मागून घेतली. निळ्या पेशी होत्या, पण गाठीभोवती कडं करून उभ्या. आत जवळजवळ कोणीच नव्हतं.

बाहेर बाकावर बाई वाट बघत होती. "उतरले?"

तिच्याशी खोटं बोलणं मला कधी जमलं नाही. "पारीवर हायेत, बाई."

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली... "थकले असतीन बिचारे. किती दिस पाण्यात राह्यतीन?" मग म्हणाली, "काऊन थांबले, ते तुह्या पुस्तकात हाये का?"

"नाई."

"मंग कायची बी.एस्सी. झाली तू?" असं म्हणून ती हसली. मी हसले नाही. मिळेल ते वाचलं होतं मी. आत असल्या तर बरं, नसल्या तर वाईट, एवढंच सगळीकडे होतं. कडेला थांबलेल्यांना आत कसं ढकलायचं, ते कुठेच नव्हतं. आणि जे आधी उतरले होते, जिवावर उदार होऊन उतरले होते, त्यांना तरी काय मिळालं? आमच्या तलावाचा कायदा तिच्या अंगात चाललाच नाही.

ती जाऊन काही आठवडे झाले आणि तलावावर मासेमारी झाली. सवयीने कोणीतरी तिच्या नावाचा ढीग लावला. लावून झाल्यावर सगळ्यांच्या ध्यानात आलं. भाटवे म्हणाले, "छबू, घेऊन टाक." मला उचलवेना. तिच्यासाठी कोणी उतरलंच नव्हतं. मग मी साडी खोचली आणि घोट्याएवढ्या पाण्यात जाऊन उभी राहिले. कॉलेजात गेल्यापासून त्या पाण्यात माझा पाय पडला नव्हता. पाणी थंड होतं, खाली चिखल होता. बाकी काही नव्हतं.

बाईच्या टोपलीतून तो वाटा घरी आणला. कोणी चूल पेटवली नाही. सांजेपर्यंत मासळीला वास सुटला, भाटव्यांनी ती परसात पुरली. टोपली तिच्या खुंटीला आहे. धुवायला मी दोनदा काढली, तशीच परत टांगली.