नऊ नंबरचा कवडसा

दिनांक : मे महिन्याचा दुसरा रविवार. स्थळ : एकोडी, तालुका साकोली, माझं माहेरचं घर. हजर : मी, धाकटा भाऊ दिवाकर, त्याची बायको शीला, कवेलू फेरणारे, म्हणजे छपराची कौलं काढून पुन्हा नीट बसवणारे सुकरूभाऊ आणि त्यांची बायको भागरथाबाई. एकूण पाच. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आधीच सांगते... मी असल्या गोष्टी मानणाऱ्यांतली नाही. या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी जेवण झाल्यावर वाचते आणि निम्म्यांना मनातल्या मनात 'मांजर असेल' असा शेरा देते. शहापूरला एका शाळेचं ऑफिस सांभाळते, यादीशिवाय भाजीलाही जात नाही. हेही त्या दिवशीची यादी समोर ठेवूनच लिहितेय.

तर प्रश्न छपराचा होता. घर जुनं, कवेलूचं. माकडांची टोळी आली की दहा-वीस कवेलू फुटतात आणि पावसाळ्यात घरभर गळती. दिवाकर म्हणे, उतरवा सगळं, टिनाचे पत्रे टाका. पण शीला मधल्या खोलीत शिवणकाम करते. तिचा खरा हंगाम लग्नसराईचा, म्हणजे एप्रिल-मे. आमच्याकडच्या उन्हात पत्र्याखाली बसून ब्लाउज शिवायचे म्हणजे... तिनं सरळ सांगितलं होतं, पत्रे पडले तर मशीन विकून टाकते.

"मले भट्टीत भाजून काहाडता का?" शीला.

"अन् पावसाळ्यात रात्रंदिवस गंज-बादल्या घेऊन गळतीमागे धावतो तो मी!" दिवाकर. "गिऱ्हाइकाचे कपडे भिजले मागच्या साली, तवा कोनं बोलणं खाल्लं?"

शेवटी दोघांनी मला बोलावलं. मी तोडगा काढला : फक्त मधल्या खोलीचं छप्पर फेरून बघायचं. नंतर दोनपेक्षा जास्त कवडसे दिसले तर पत्रे, नाहीतर कवेलू. कागदावर लिहून दोघांच्या सह्या घेतल्या.

कवेलू फेरताना एक गंमत असते. भोक कुठे आहे ते वरच्या माणसाला दिसत नाही, आतल्याला दिसतं. म्हणून एकानं आत उभं राहून बांबूच्या लांब काठीनं खालून ठोका द्यायचा, की वरचा तेवढं कवेलू नीट बसवतो. सुकरूभाऊंना ऐकू येत नाही, म्हणून ते पालथा हात कवेलूवर ठेवून बसतात आणि ठोका तळहाताला घेतात. आत काठी घेऊन दरवर्षी आमचे बाबा असायचे. गावात त्यांना सगळे गुरुजी म्हणत. बाबांना जाऊन तीन वर्षं झाली, तेव्हापासून छप्पर फेरलंच गेलं नव्हतं.

या वेळी काठी माझ्याकडे. सकाळी नऊला दार-खिडक्या लावून जमिनीवर पडलेल्या प्रत्येक कवडशाभोवती खडूनं गोल काढला, आत नंबर टाकला. चौदा भरले. सुकरूभाऊ शिडीनं वर चढले आणि एवढ्यात मागच्या अंगणात भागरथाबाई ओरडल्या, "ताई वं, माकडं! मुंगवड्या खाऊन राहिले!"

दोन खाटा भरून मुंगवड्या वाळत होत्या. मी काठीसकट धावले. पण धावण्याआधी दाराला कुलूप घातलं, चाबी कमरेला खोचली, कारण माकडं घरातही शिरतात. घराला दुसरं दार नाही, खिडक्यांना गज. दिवाकर, शीला, भागरथाबाई आणि मी, चौघं मागे; पाचवे सुकरूभाऊ छपरावर. माकडं पार तलावाच्या पाळीपर्यंत हाकलली, मुंगवड्या वेचल्या, मग शेजारच्या काकूंनी हाक मारून चहा दिला. तासभर गेला. सुकरूभाऊंना 'थांबा' म्हणून सांगायचं राहून गेलं. चूक माझी.

परत येतो तर ते शिडीवरून उतरून विडी ओढत बसलेले.

"झालं जी," म्हणाले. "सतरा जागी होते. आत कोन होता? लय चोख दाखवलं."

मी हातातली काठी वर केली. ही तर माझ्याजवळ होती!

"मंग दुसरी असन. दोन ठोके, थांबून एक. गुरुजीवानीच."

दिवाकर माझ्याकडे बघायला लागला. "ताई, चाबी कोणाजवळ होती?"

"माह्याजवळ. हे पाह्य ना, कमरेले आहे."

कुलूप उघडलं. आत जमिनीवर वरून पडलेली काळी धूळ, काड्या, उंदरांच्या घरट्यांचा कचरा. खडूचे गोल झाकून गेलेले. त्या धुळीवर एकही पाऊल नव्हतं. पहिला ठसा माझ्या चपलेचा पडला. वर बघितलं... जवळजवळ काळोख. माझे चौदा बुजलेले वाटले, शिवाय सुकरूभाऊंच्या हिशेबातले माळ्यावरचे तीन, जे माझ्या यादीत नव्हतेच, कारण त्यांचा उजेड जमिनीपर्यंत पोचतच नाही.

म्हणजे सतरा बुजले? नाही, सोळा. एक उजेड राहिला होता, शिवणाच्या मशीनच्या नेहमीच्या जागेवरचा. माझा नऊ नंबर.

"सुकरूभाऊ, हा राहिला!" मी ओरडले. भागरथाबाईंनी त्यांना खुणेनं सांगितलं.

"त्यालेबी सतरात धरलं जी. पण त्याच्यावर ठोका नाही आला," ते म्हणाले. "तो तं आखरीलेच बुजवतो आम्ही. गुरुजी म्हणत, लग्नाचे ब्लाउज होऊ दे. लाइट जाते, सुनेले सुईत दोरा ओवाले उजेड पायजे. पानी लागाच्या आंदी बुजवू."

शीला लग्न होऊन आली तेव्हापासून तिथेच मशीन मांडते. "मले वाटे, कवेलूच फुटकं आहे," ती म्हणाली. धुळीपायी मशीन भिंतीशी सरकवलं होतं, ते तिनं ओढून परत त्या उजेडात आणलं.

मी शहापूरला परतून कारणांची यादी केली. माकड? टोळी आमच्यापुढे पळत होती. उंदीर? उंदीर मोजून ठोके देत नाही. मांजर... हा माझाच शेरा, म्हणून प्रामाणिकपणे विचार केला, पण मांजराची पावलं धुळीत दिसली असती. राहता राहिली सुकरूभाऊंची इतक्या वर्षांची सवय, की हात आपोआप चालला असेल. हे मला सगळ्यात पटतं. पुढच्या फेरीत त्यांना खुणेनं तसं विचारलं तर रागावले, "बहिरा आहो जी मी, पागल नाही!"

असो. एक कवडसा म्हणजे अटीत बसतो. कवेलू राहिले. दिवाकरनं हार मानली, आणि माकडांसाठी गलोल आणली.

आता जून लागलाय, तलावावर ढग यायला लागलेत. नऊ नंबर बुजवायला सुकरूभाऊ दोनदा येऊन गेले, दोन्ही वेळा मीही एकोडीला होते. पहिल्यांदा आत काठी कोण धरणार यावरच अडलं. दिवाकर म्हणे ताई, मी म्हटलं शीला, शीला म्हणे मले काम आहे. दुसऱ्यांदा दिवाकरच म्हणाला, "कुलूप लावून चहाले जाऊ, पाहू काय होते तं." गेलो. अर्ध्या तासानं परत आलो तर सुकरूभाऊ हात कवेलूवर ठेवून तसेच बसलेले.

"अजून ठोका नाही आला जी."

शीलाच्या मशीनवर तेव्हा दोन ब्लाउज बाकी होते.

मला याचं काही स्पष्टीकरण देता येत नाही. खाली बादली ठेवलीय. माझ्या यादीत नावाशिवाय काम नसतं, पण हे एक आहे : नऊ नंबर बुजवणे. वर : सुकरूभाऊ. आत काठी : ही जागा अजून कोरीच आहे.