डाळीएवढा राखणदार

घाटनांदूरच्या स्टँडजवळ माझं खताचं दुकान आणि त्याला लागूनच त्रिंबकचं लॅपटॉप दुरुस्तीचं. त्रिंबकचा एकच खाक्या: बोर्ड गेला की भंगारातला तसाच दुसरा बसवायचा, जुना पोत्यात टाकायचा आणि मोकळं व्हायचं. हा गडी देवापुढंही कधी वाकला नाही, मग यंत्राची काय कथा!

एकदा शिवकन्या आली. ऊसतोड्याची पोर, अंबाजोगाईला शिकणारी. लॅपटॉपवर चहा सांडला होता. आतल्या डिस्कवर तिच्या आईचा, वनमालाबाईंचा रेकॉर्ड केलेला आवाज होता. त्या मागच्या हंगामात उसाच्या फडावरच वारल्या. त्या आवाजाची दुसरी प्रत कुठंच नव्हती.

त्रिंबकनं सवयीनं बोर्ड बदलला. लॅपटॉप सुरू झाला, पण लांबलचक आकड्यांची किल्ली मागू लागला. ती होती लॅपटॉप विकणाऱ्या दुकानदाराच्या ऑनलाइन खात्यात, आणि त्यानं कधीच गाशा गुंडाळलेला.

"माझ्याच लॅपटॉपला कुलूप कावून?" शिवकन्या रडकुंडीला आली.

दिवसभर मोबाइलवर वाचून त्रिंबक माझ्याकडं आला. तोंड उतरलेलं. "काका, जुन्या बोर्डावर डाळीएवढी चिप हाय. किल्ली तिच्या पोटात. आपलाच बोर्ड हाय, सुरू व्हायच्या प्रोग्रॅममधी कुणी काय बदललं न्हाई, अशी खात्री पटली तरच ती कुलूप उघडती. चोराला न्हाई, मला न्हाई, पोरीलाबी न्हाई."

"मग लाव की जुना बोर्ड!"

"पोतं सकाळीच भंगारवाल्यानं नेलं."

मी त्याला शेलक्या शिव्या दिल्या आणि गाडी काढली. परळीत भंगाराचा अख्खा ढीग उपसल्यावर बोर्ड सापडला. त्रिंबकनं तो तान्ह्या लेकरासारखा छातीशी धरून आणला.

दुसऱ्या दिवशी त्यानं चहाचा चिकटा धुतला, जळका भाग बदलला, पण त्या चिपला धक्का लागू दिला नाही. शिवकन्या सकाळपासून उपाशीच समोर बसून होती.

त्यानं बटण दाबलं. लॅपटॉपनं काहीच विचारलं नाही, सरळ उघडला. एवढासा तुकडा, भंगारात लोळून आला, तरी त्यानं आपली डिस्क ओळखली!

शिवकन्येनं आवाज लावला. वनमालाबाई दुकानभर गरजल्या, "शिवे, ठिव ते डबडं खाली! भाकर खाय आदी!"

त्रिंबकनं लॅपटॉपपुढं हात जोडले. शिवकन्येनं पिशवीतली भाकरी काढली आणि रडत रडत खाऊ लागली.